स्वतःचंच संशोधन कपाटात ठेवलं आणि लाखो लोकांच्या नसबंदीवर विज्ञानाचा शिक्का मारला : डॉ. अर्न्स्ट रुडिनची गोष्ट

बायपोलर डिसऑर्डर हा शब्द आता आपल्या ओळखीचा झालाय. या आजारात माणूस काही दिवस झोपेशिवायही भन्नाट उत्साहात असतो आणि नंतर महिनोन्महिने त्याला अंथरुणातून उठावंसंही वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी याला मॅनिक-डिप्रेसिव्ह आजार म्हणायचे.

हा आजार आईबापाकडून मुलांकडे कोणत्या हिशेबानं येतो, हे आकडे घेऊन तपासणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांमध्ये एक मोठं नाव होतं, अर्न्स्ट रुडिन. मानसिक आजारांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास उभा करणाऱ्यांत त्याची गणना होते. तरीही आज हे नाव कुणी अभिमानानं घेत नाही.

सुरुवात मेहुण्यापासून होते

रुडिनचा जन्म १८७४ चा, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनचा. त्याच्या बहिणीचं लग्न झालं होतं आल्फ्रेड प्लोट्झशी. जर्मनीत वंशशुद्धीचा विचार रुजवणारा हाच तो माणूस. निरोगी लोकांनी मुलं जन्माला घालावीत, आजारी लोकांना ती होऊच देऊ नयेत, असा हा सगळा विचार. रुडिनला तो पटला. १९०५ मध्ये दोघांनी इतर काही जणांसोबत बर्लिनमध्ये त्यासाठी संस्थाही काढली.

थोडक्यात, रुडिनचं उत्तर आधीच ठरलं होतं. पुरावा शोधायचं काम बाकी होतं.

१९०७ पासून तो म्युनिकमध्ये एमिल क्रेपेलिन या त्या काळातल्या सगळ्यात नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या हाताखाली काम करू लागला. १९१६ मध्ये त्यानं आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या आजाराच्या रुग्णांच्या भावंडांवरचा अभ्यास छापला. सोयीची घरं न निवडता ठरलेल्या पद्धतीनं रुग्ण घ्यायचे, त्यांच्या प्रत्येक भावंडाची नोंद करायची, मग गणित मांडायचं. ही पद्धत तेव्हा नवी होती आणि तिचं कौतुकही झालं. पुढे क्रेपेलिनच्या नव्या संशोधन संस्थेत रुडिनकडे स्वतंत्र विभागच आला.

आकड्यांनी साथ सोडली

१९२२ ते १९२५ या काळात त्यानं हीच पद्धत मॅनिक-डिप्रेसिव्ह आजाराला लावली. शेकडो रुग्णांच्या कुटुंबांची माहिती गोळा केली.

मेंडेलचे वाटाणे शाळेत सगळ्यांनीच केलेत. उंच आणि बुटक्या झाडांचं पुढच्या पिढ्यांमधलं प्रमाण ठरलेलं असतं. आजारही असाच ठरलेल्या प्रमाणात उतरतो, हे रुडिनला दाखवायचं होतं. तसं झालं असतं तर कोणाला मूल होऊ द्यायचं नाही, हे सांगणं सोपं होतं.

पण प्रमाण जुळेना. आजार कुटुंबात जास्त दिसत होता, हे खरं. मात्र मेंडेलच्या साध्या नियमात तो बसत नव्हता. हस्तलिखित पूर्ण झालं, पण रुडिननं ते कधीच छापलं नाही. म्युनिकच्या संस्थेच्या दप्तरात पडून असलेल्या या अभ्यासाबद्दल २०१५ मध्ये संशोधकांनी सविस्तर लिहिलं. आपल्याच विचारसरणीच्या विरोधात जाणारे आकडे त्यानं दडपले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आणि मग कायदा आला

१९३१ मध्ये रुडिन त्या संस्थेचा संचालक झाला. जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. असा कायदा करणारा जर्मनी पहिला नव्हता, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं तो १९०७ मध्येच केला होता. पण जर्मनीत तो ज्या प्रमाणावर राबवला गेला, तसं कुठेच झालं नाही.

कायद्यातल्या आजारांच्या यादीत मॅनिक-डिप्रेसिव्ह आजारही होता. तोच, ज्याचा हिशेब रुडिनला जुळवता आला नव्हता. तरी कायद्याचं अधिकृत भाष्य लिहिणाऱ्या तिघांमध्ये रुडिन होता. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर बसायचे आणि समोरच्या माणसाला मूल होऊ द्यायचं की नाही, हे ठरवायचे. १९४५ पर्यंत साधारण ४ लाख लोकांची नसबंदी झाली. ऑपरेशनमुळे हजारो जण दगावले.

१९४० आणि १९४१ या दोन वर्षांत तर सुमारे ७० हजार रुग्णांना गॅस चेंबरमध्ये मारण्यात आलं. रुडिनला मात्र १९३९ मध्ये आणि १९४४ मध्ये हिटलरकडून सन्मान मिळाले.

युद्धानंतर अमेरिकन सैन्यानं त्याला पकडलं, पण १९४६ मध्ये तो सुटलाही. नाझींच्या मागे गेलेला एक साधा माणूस, असा शेरा आणि किरकोळ दंड, इतकंच. १९५२ मध्ये तो वारला. जर्मनीतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली, ती थेट २०१० मध्ये.

आज विज्ञान काय सांगतं?

२०२१ मध्ये ४० हजारांहून अधिक बायपोलर रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी संबंध असलेल्या ६४ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी छोटा. म्हणजे आजारात आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे, पण एकच दोषी जनुक नाही. आईला किंवा वडिलांना बायपोलर असलं, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही.

आपल्याकडे आजही स्थळ बघताना त्या घरात वेड आहे, एवढी कुजबुज लग्न मोडायला पुरते. इतकं छातीठोक भाकीत रुडिनच्या आकड्यांनाही करता आलं नव्हतं. त्यानं ते आकडे तेव्हाच छापले असते, तर कायदा थांबला असता का, हे सांगता येत नाही. पण निदान त्या न्यायालयांसमोर उभ्या राहिलेल्या लोकांच्या बाजूनं बोलणारा एक कागद जगासमोर असता.