दुसरे टिळक

टिळक म्हटलं की पगडी, भरघोस मिशा आणि मंडालेचा तुरुंग! आपल्या होस्टेलवर कुणालाही रात्री झोपेतून उठवून विचारा, दुसरं उत्तर मिळणार नाही. पण मित्रांनो, त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात आणखी एक टिळक जन्मले होते. तेही चित्पावन, तेही देशभक्त आणि रागीट. या दुसऱ्या टिळकांची एक कविता आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे. 'केवढे हें क्रौर्य!' आठवते? जखमी झालेल्या पक्षिणीची? ती पाठ करताना खाली लिहिलेलं रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव पण आपण पाठ केलं. पण टिळकांच्या नावामागे रेव्हरंड कसं काय आलं, हा प्रश्न मला तरी तेव्हा पडला नाही. परीक्षेला नव्हता ना!

प्रश्न पडला तो मागच्या वर्षी, आकुर्डीत. तुकोबांच्या पालखीचा देहूनंतरचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी सबमिशन सोडून आम्ही पाच-सहा जणी वारकऱ्यांना पाणी आणि केळी वाटायला गेलो होतो. पाऊस होता. एक दिंडी आमच्यासमोर थांबली आणि अभंग सुरू झाला. मला एकदम आमच्या शाळेतला चॅपल आठवला. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे बाकी सगळी गाणी इंग्रजी, पण मराठीच्या सिस्टर पेटीवर एक भजन शिकवायच्या. शब्द येशूचे, आणि ठेका? ठेका हुबेहूब हा! तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी परदेशी फादरने हौसेने लिहिलं असेल. परत आल्यावर विचारलं, शोधलं, तर कळलं की ते भजन टिळकांचं. आणि तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं हे टिळक स्वतः सांगत असत. म्हणजे मला वाटलं तो योगायोग नव्हताच.

मग लायब्ररीतून 'स्मृतिचित्रे' आणलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र. माझं मराठी वाचन यथातथाच, त्यामुळे वाटलं होतं की पंधरा पानांत झोप येईल. झालं उलटंच, आणि दुसऱ्या दिवशीचं एम-थ्रीचं लेक्चर गेलं. (सर, माफ करा.)

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, दापोलीजवळच्या करजगावचा. आई लहानपणीच गेली. वडील फार कडक होते आणि त्यांचं मुलाशी जमेना. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, शाळेत थोडं इंग्रजी शिकला. शिक्षण पुरं झालं नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झालं. ती बारा वर्षांची असेल नसेल. शाळेचं तोंडही न पाहिलेली ही मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई.

यापुढची पंधरा वर्षं वाचताना अक्षरशः दमायला होतं. टिळक आज इथे तर उद्या तिथे. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. मनात आलं की निघाले! मागे बायको कधी माहेरी, कधी सासरी, कधी कुणा नातेवाइकांकडे. पैसा हातात टिकायचाच नाही. जो मागेल त्याला दिला की संपलं. घरात काय शिजणार आहे, याचा विचार देऊन झाल्यावर. लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या गमतीने सांगतात की आपण खो खो हसतो, आणि दोन पानं उलटल्यावर लक्षात येतं की अरे, ही बाई उपाशी होती!

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण थोर लोकांची चरित्रं आपल्याला नेहमी इस्त्री करून देतात. साधी राहणी उच्च विचारसरणी वगैरे. टिळक तेव्हाही साधेच राहत होते, पण त्यात समाधान कुठेही नव्हतं. त्यांना खरा धर्म हवा होता. जातीभेद नसलेला, देशाला उभं करणारा. तो मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच एक नवा धर्म मनात रचायला घेतला होता. नागपूरला श्रीमंत आणि विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला असताना त्यांना चांगलं काम होतं, मान होता. तरी मन थाऱ्यावर नाही.

१८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्या माणसाने त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भविष्यही सांगून टाकलं. तो माणूस कोण हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही! टिळकांनी आधी नुसतं कुतूहल म्हणून पुस्तक उघडलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. शत्रूवर प्रेम करा, उद्याची चिंता करू नका, ही ती शिकवण. आमच्या शाळेत हे प्रवचन आम्हाला दरवर्षी वाचून दाखवायचे आणि आम्ही मागच्या बाकावर फुली-गोळा खेळायचो. असो.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ते तेहतीस वर्षांचे होते.

आता इथे लक्ष्मीबाईंचा विचार करा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्या काळी तो जिवंतपणी मेल्यासारखाच. जात गेली, नातेवाईक गेले, ती स्वतः ना धड सधवा ना विधवा. पदरात लहान मुलगा, दत्तू. जवळपास पाच वर्षं ती नवऱ्यापासून दूर, पंढरपूरला नातेवाइकांकडे वगैरे राहिली. दुःखाने वेड लागायची पाळी आली. टिळक पत्रं लिहीत राहिले, पण धर्म सोडायला तयार नव्हते. शेवटी ती नगरला (आजचं अहिल्यानगर) त्यांच्याकडे आली, तीसुद्धा स्वतःचं सोवळं सांभाळत, स्वयंपाक वेगळा ठेवून. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. एक दिवस तिचा तिलाच प्रश्न पडला की ही उच्चनीच जात देवाने केली की माणसाने? आणि तिने कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. १९०० साली तिचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांचं मोठेपण मला त्यांच्या कवितांपेक्षा या थांबण्यात जास्त दिसतं. इतका उतावळा माणूस, आणि इथे थांबला!

नगरचे दिवस तसे बरे होते. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवत, १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले, म्हणून रेव्हरंड. पुढे 'ज्ञानोदय' या जुन्या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक झाले. दुष्काळात अनाथ झालेली मुलं घरात वाढत होती. बालकवी ठोंबरेही कित्येक दिवस त्यांच्याच घरी राहिले. पगार ठरलेला होता, पण तो घरात येणाऱ्या माणसांना पुरायचा नाही एवढंच.

या काळात त्यांनी जे केलं ते मला इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर रीडिझाइन आहे. तोपर्यंत मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजी गाण्यांची भाषांतरं असायची, चालीही तिकडच्याच. शेतकरी, कष्टकरी माणसं रविवारी ती कशीबशी म्हणायची. टिळकांनी अभंग, ओवी, पदं लिहिली, शेकड्यांनी. टाळ-मृदंग आणले. कीर्तन आणलं. आजही 'उपासना संगीत' उघडलं तर पानोपानी टिळक भेटतात. एखादं मशीन बाहेरून जसंच्या तसं आणून इथल्या धुळीत चालवायचं आणि मग बंद पडलं म्हणून रडायचं, हे चाकणच्या इंटर्नशिपमध्ये मी पाहून आले आहे. टिळकांनी निदान धुळीचा विचार केला!

आणि मग १९१७ साल उजाडलं. टिळक पंचावन्न वर्षांचे. आपल्याकडे या वयात लोक पीएफचा हिशोब काढतात. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला.

का सोडला? मिशनशी भांडून नव्हे. त्यांना जे उमगलं ते साधं होतं. आपल्या देशात पगार घेऊन देवाबद्दल बोलणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यातून ख्रिस्ती झालेला माणूस म्हणजे साहेबाच्या पैशासाठी धर्म सोडलेला, अशी सगळीकडे कुजबुज. ज्याने धर्मासाठी आश्रयदाते, जातभाई आणि काही वर्षं बायको-मुलगासुद्धा गमावला त्याच्यावर पैशाचा आरोप! याला उत्तर म्हणून लेख लिहिता आला असता. संपादकच होते. पण त्यांनी पगारच बंद केला. तुकोबांनी म्हणे लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची कागदपत्रं इंद्रायणीत सोडली होती. ती इंद्रायणी आपल्या होस्टेलपासून बाईकवर अर्ध्या तासावर आहे. टिळकांनी सोडलं त्यात तुकोबा नव्हते असं मला वाटत नाही.

ते साताऱ्याला राहायला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणीही यावं, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. कुणी आपणहून देईल त्यावर गुजराण. ख्रिस्ती मंडळींतल्या बऱ्याच जणांना हे पसंत पडलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती कसलं? आणि हिंदू मंडळींनी तर त्यांना वीस वर्षांपूर्वीच बाहेर काढलं होतं. म्हणजे दोन्हीकडून बाहेर. तरी या शेवटच्या वर्षांतलं त्यांचं लिखाण, 'अभंगांजली'तले अभंग, वाचले तर तक्रार सापडत नाही. तिथे बोलणारा माणूस नागपूरचा नाहीच. पळापळ संपलेली आहे.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. कारण हिशोब मांडला तर काय दिसतं? १८८५ च्या आसपासचे टिळक: हातात पैसा नाही, राहायचं ठिकाण पक्कं नाही. १९१८ चे टिळक: हातात पैसा नाही, मिळकत पक्की नाही. इनपुट सेम! एकदा त्यातून तडफड निघते आणि एकदा शांतपणा. म्हणजे कमी गोष्टींत राहिलं की समाधान आपोआप येतं, हे मेसच्या भिंतीवरचं सुविचार टाइप वाक्य खोटं आहे. मधे काहीतरी घडलेलं आहे. टिळकांच्या बाबतीत ते काय, तर आपण कुणाचे आहोत हे त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. ते स्वतः त्याला ख्रिस्त म्हणाले. मी त्या बाबतीत अजून कुठेच पोचलेले नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

माझ्या रूममेटने मात्र एक खडा टाकला. ती म्हणते, टिळक शांत झाले ते ठीक, पण पगार सोडायचा निर्णय एकाचा आणि भोगायचं दोघांनी? लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं? ती विनोदाने लिहिते म्हणून आपण सोडून द्यायचं का? मी दोन दिवस उत्तर शोधत होते. मिळालं नाही. तिचं बरोबर आहे असंच मला अजून वाटतं. आपल्या मुलांच्या होस्टेलवर पॅकेजच्या गप्पा मारणाऱ्यांनीही यावर विचार करावा. सगळं सोडून हिमालयात जाईन म्हणणारे तुमच्यात बरेच आहेत.

देवाचा दरबार चालवायला टिळकांना फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आपल्या देहाला अग्नी द्यावा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ख्रिस्ती माणसाचं दफन होतं, दहन नाही. पण जाताना पण हे गृहस्थ आपल्याच पद्धतीने गेले.

मागे राहिलं 'ख्रिस्तायन', मराठीत ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं महाकाव्य. टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहून ते अर्धवट टाकलं होतं. अर्धवट म्हणजे अर्धंसुद्धा नाही, कारण पुढे ते भरलं पाऊणशे अध्यायांच्या घरात. बाकीचे सगळे अध्याय लिहिले कुणी? लक्ष्मीबाईंनी! जिला लग्नानंतर अक्षरं गिरवायला लागली, जिने जोडाक्षरांशी कुस्ती खेळली, तिने. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या नाशिकला वारल्या, आणि 'ख्रिस्तायन' छापून आलं १९३८ मध्ये. ते त्यांना बघायला मिळालं नाही.

'ख्रिस्तायन' आपल्या लायब्ररीत नाही, मी कार्ड बॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्ही बघितलं. 'स्मृतिचित्रे' आहे. मी काल परत केलंय. मराठीचं कपाट, खालून दुसरा कप्पा, बाइंडिंग सैल झालंय तेवढं जपून हाताळा.