मन राखावे, मतही राखावे

चार माणसांत कसे बोलावे हे ज्यास उमगले नाही, त्याचे खरे बोलणेही लोकांस रुचत नाही. गिऱ्हाइकास टोचून बोलणारा दुकानदार आणि सभेत प्रतिपक्षास मूर्ख ठरविणारा वक्ता, दोघेही आपलेच नुकसान करून घेतात. ह्या बाबतीत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांचे चरित्र आमच्या वाचकांनी अवश्य विचारात घ्यावे.

माधवरावांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. परंतु दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा त्यांचा गुण न्यायासनापुरता नव्हता. १८८६ साली सरकारी कमिटीच्या कामासाठी कलकत्त्यास गेले असता ते बंगाली शिकू लागले, आणि अडलेला शब्द हजामत करणाऱ्या न्हाव्यास विचारण्यात त्यांस मुळीच कमीपणा वाटला नाही.

१८९५ च्या डिसेंबरात राष्ट्रसभा पुण्यास भरली. तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास शहरातील एका पक्षाने कडवा विरोध केला. तेव्हा माधवरावांनी वेगळ्या मंडपात परिषद भरविली. जागा सोडली, परंतु परिषद सोडली नाही. राष्ट्रसभेचे कार्यही निर्वेधपणे पार पडले.

परंतु ह्याच गुणाची दुसरी बाजूही सांगणे आम्हांस प्राप्त आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून मोठे वादळ उठले. पुढे १८९२ साली, स्नेह्यांची अडचण पाहून, माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. स्नेह्यांचे मन राहिले. पण त्यांच्याकडे पाहून बहिष्कार सोसण्यास सिद्ध झालेल्या सुधारकांचे काय? त्यांच्या मनाचा विचार कोणी करावयाचा? जवळच्यांचे दुःख डोळ्यांस दिसते, दूरच्यांचे दिसत नाही. येथे थोरांचाही तोल जातो, असे आमचे मत आहे.

माधवराव १९०१ साली निवर्तले. वरील दोन प्रसंग ताडून पाहता आम्हांस एक नियम दिसतो. जागा, मान, शेवटचा शब्द ही केवळ आपली असतात. दुसऱ्याच्या मनासाठी ती खुशाल सोडावी. पण ज्या मताच्या आधाराने इतर लोक उभे आहेत, ते आपल्या एकट्याचे राहत नाही. ते सौम्य शब्दांत सांगावे, प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते ऐकून सांगावे, परंतु सोडू नये. पेढीवर, पंचायतीत आणि स्वतःच्या घरातही हा विवेक ज्यास साधला, त्याने माधवरावांचे खरे स्मारक उभारले असे आम्ही समजू.