मेजर थॉमस कँडी आणि मराठीतील विरामचिन्हे

मागील भागात आपण विरामचिन्हांचे प्रकार पाहिले. ही चिन्हे मराठी लेखनात मुळापासून नव्हती. ती रुजवण्याचे श्रेय सामान्यतः ज्यांना दिले जाते, त्या मेजर थॉमस कँडी यांच्या जीवनकार्याचा परिचय आपण येथे करून घेऊ.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज हे त्यांचे जुळे भाऊ. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यानंतर १८२२ मध्ये हे दोघे बंधू ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत भारतात आले. लष्करी कामासाठी येथील भाषा शिकणे आवश्यक होते. पण थॉमस यांच्या बाबतीत ही गरज लवकरच आयुष्यभराच्या अभ्यासात परिणत झाली. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात दोन्ही कँडी बंधूंनी साहाय्य केले. शास्त्रीमंडळींच्या मदतीने सिद्ध झालेला हा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्णत्वास नेला आणि तो १८४७ मध्ये प्रकाशित झाला. १८२१ मध्ये पुण्यातील विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेची देखरेखही काही काळ त्यांच्याकडे होती. सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून शालेय पुस्तके आणि अनुवाद तपासण्याचे काम त्यांनी दीर्घकाळ केले.

या कामात त्यांच्यासमोर कोणती अडचण उभी राहिली असेल, हे समजण्यासाठी त्या काळचे मराठी लेखन डोळ्यांसमोर आणावे लागेल. पोथ्यांतील पद्यात चरणाच्या वा ओवीच्या अखेरीस एक किंवा दोन दंड देत. व्यवहाराची लिपी मोडी होती. तिच्यात आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे जोडत जात. दोन शब्दांत मोकळी जागाही सोडली जात नसे. तरीही वाचणाऱ्यांचे अडत नव्हते. पोथी सांगणारा आवाजाने विराम घेई, तर कारकुनाला पत्राचा ठरीव मायना पाठ असे. छापील क्रमिक पुस्तक आले तेव्हा परिस्थिती पालटली. आता अपरिचित मजकूर मुलाला एकट्याने, मनात वाचायचा होता. सांगणाऱ्याच्या आवाजाची जागा कागदावरील खुणांनी घेणे गरजेचे झाले.

ही गरज ओळखून कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्रजीतील चिन्हांची ओळख मराठी वाचकाला व लेखकाला करून देणे हा तिचा विषय. क्रमिक पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात असल्यामुळे हा विचार केवळ पुस्तिकेत राहिला नाही. शाळेच्या वाटेने तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती गेला. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड राखला, मराठी गद्याने मात्र टिंब स्वीकारले. रोजच्या लेखनात आपण देत असलेले ते टिंब याच काळातील घडामोडींची खूण आहे.

या चिन्हांचा उपयोग एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. 'आज नाही उद्या येईन' असे लिहिले, तर कधीतरी येईन एवढाच अर्थ होतो. 'आज नाही, उद्या येईन' असे लिहिले, तर उद्याचा दिवस निश्चित होतो. बोलताना हा भेद आपण विरामाने दाखवतो. लेखनात तो भार एका स्वल्पविरामावर येतो. तसेच 'ती आली का' या वाक्यातील प्रश्न 'का' या शब्दानेच कळतो. पण 'ती आली?' हा प्रश्न केवळ सुरावर उभा असल्याने चिन्ह गाळताच त्याचे विधान होते.

येथेच कँडी यांच्या कार्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. 'की', 'असे', 'म्हणून' यांसारखे शब्द वाक्यांची जोडणी दाखवतात. म्हणजे इंग्रजीत चिन्हाने होणारे काही काम मराठीत शब्दच करतात. परभाषेतील चिन्हांबरोबर परभाषेची वाक्यरचनाही येण्याचा धोका असतो. सरकारी क्रमिक पुस्तकांतील मराठी इंग्रजी वळणाची झाली, असा आक्षेप पुढे घेतला गेला. एका परकीय अधिकाऱ्याने भाषेची शुद्धाशुद्धता ठरवावी, याविषयीची अस्वस्थताही त्यामागे होती. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. तथापि, टीकाकारांनीही आपले लेखन त्याच चिन्हांच्या आधारे केले, हे विसरता येत नाही. वाक्यरचनेवर वाद झाला, चिन्हे मात्र मराठीची झाली. कारण ती मराठी आवाजातील विराम आणि सूर दाखवू शकली.

१८७७ मध्ये महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले. आयुष्याची पन्नासाहून अधिक वर्षे त्यांचा मराठीशी संबंध राहिला. कोशकार म्हणून त्यांचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. विरामचिन्हे वापरताना मात्र ते कोणाला आठवत नाही. वापरणाऱ्याला परके वाटेनासे होणे, हीच भाषेतील कोणत्याही स्वीकाराची खरी कसोटी होय.

स्वयंअध्ययनासाठी : आपण अलीकडे लिहिलेल्या एखाद्या पत्रातील सर्व विरामचिन्हे काढून टाका आणि ते दुसऱ्या व्यक्तीस मोठ्याने वाचावयास सांगा. ती जेथे अडखळेल, तेथे चिन्हाची गरज आहे की वाक्यरचनाच बदलावयास हवी, याचा विचार करून आपले उत्तर पाच-सहा ओळींत लिहा.