दासी जनी : जात्यावरील गायिका

आज एका मोलकरणीचे चरित्र आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. तिचे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि योग्यता ओळखणे निराळे. ही बाई म्हणजे गंगाखेडची जनाबाई. तिला होऊन आज साडेसहाशेहून अधिक वर्षे झाली. इतका काळ लोटला, राज्ये आली आणि गेली, तरी तिचे गाणे बायांच्या ओठांवरून ढळले नाही. असे का व्हावे, आणि त्यापासून प्रभूच्या मंडळीने काय शिकावे, ह्याचा थोडा विचार आम्ही येथे करू.

जनाबाईचा जन्म गोदावरीच्या काठी गंगाखेड येथे झाला. हे गाव हल्ली परभणी जिल्ह्यात आहे. तिच्या बापाचे नाव दमा व आईचे नाव करुंड असे परंपरा सांगते. कूळ शूद्र म्हणून गणलेले, आणि घरी दारिद्र्य. अगदी लहान वयात ती पंढरपूरच्या दामाशेटी शिंप्याच्या घरी आली आणि मग जन्मभर तेथेच राहिली. ह्याच दामाशेटीचे पुत्र प्रसिद्ध संत नामदेव. त्यांचा जन्म 1270 सालचा मानतात. जनीने त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळविले, अशीही समजूत आहे.

त्या घरी तिचे काम काय होते? दळणे, कांडणे, पाणी भरणे, झाडलोट करणे, शेण गोळा करून गोवऱ्या थापणे, धुणी धुणे. आमच्या खेड्यांतील कोणत्याही गरीब बाईस हे काम सांगून समजावण्याची गरज नाही. घरात धनी होता, धनीण होती, सुना होत्या, मुले होती. जनी मात्र त्या घरातील असूनही त्या घरची नव्हती. तिचा विवाह झाल्याचे कोणी सांगत नाही. तिला स्वतःचे असे एक जाते होते, आणि त्याच्या खुंट्यास हात घालून ती पहाटेच्या अंधारात गात असे.

त्या काळी पंढरपुरास भक्तांचा मोठा मेळा जमला होता. ज्ञानदेव व त्यांची भावंडे, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार आणि महार जातीत जन्मलेले चोखामेळा, हे सारे त्या पिढीचे मानले जातात. नामदेवांच्या अंगणात कीर्तने होत. जनी दारामागे आपले काम करीत ऐके, आणि ऐकता ऐकता तिची स्वतःची वाणी फुटली. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात. शाळा नाही, गुरूजवळ बसून केलेला अभ्यास नाही. तरी तिचे शब्द असे साधे व नेमके आहेत की, शिकलेल्यासही हेवा वाटावा.

तिच्या गाण्यातला विषय कोणता? देव आपला आहे, तो लांब नाही, तो माझ्या कामात माझ्याबरोबर आहे, हाच तो विषय. ती देवास आई म्हणते, त्याच्यावर रुसते, त्याच्याशी भांडतेही. आपण अनाथ आहोत, थकलो आहोत, हे ती लपवीत नाही. बाईचा जन्म आला म्हणून खंत करू नये, असे ती बायांस सांगते. एका अभंगात तिने विठोबास पुष्कळ लेकरांच्या बापाचे रूप दिले आहे. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी बोट धरून चाललेला. त्या लेकरांत चोखामेळ्यासही तिने इतर संतांच्या बरोबरीने जागा दिली. वाचकहो, ह्या एका गोष्टीवर क्षणभर थांबा. ज्या चोखोबांस देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले, त्यांस ह्या दासीने आपल्या गाण्यात आत घेतले. पंढरपूरच्या देवळाचे दार अस्पृश्य म्हटलेल्या लोकांस उघडले ते 1947 साली, साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण केल्यावर. दासीच्या गाण्याने जे आधी केले, ते करावयास देवळाच्या कारभाऱ्यांस सहाशे वर्षे लागली!

तिच्याविषयी पुष्कळ कथा सांगतात. महिपतीबुवांनी 1762 साली पुरा केलेल्या भक्तविजय ग्रंथात अशा कथा आहेत. देव रात्री येऊन तिच्याबरोबर दळू लागला. त्याच्या गळ्यातील पदक तिच्याकडे सापडले म्हणून तिजवर चोरीचा आळ आला. तिला सुळावर देण्यास नेले, तो सुळाचे पाणी झाले. ह्या कथा आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. परंतु लोकांनी ह्याच कथा का जपल्या, हे पाहण्यासारखे आहे. घरात काही हरवले की पहिला संशय मोलकरणीवर जातो, हे गरिबांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आणि आपल्या घामाच्या कामास देवाने हात लावावा, ही भूक त्यांच्या पोटात होतीच. राजाच्या सिंहासनाशेजारी बसलेला देव त्यांस पुष्कळांनी दाखविला होता. जात्यापाशी मांडी घालून बसलेला देव जनीने दाखविला.

नामदेवांनी 1350 साली पंढरपुरी देह ठेविला, आणि जनाबाईही त्याच सुमारास गेली, असे परंपरा मानते. पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचे म्हणून एक जाते आजही दाखवितात, आणि यात्रेकरू बाया त्यास हात लावून जातात.

आता तिच्या उपेक्षेविषयी. जिवंतपणी ती नामदेवांची दासी होती, आणि मेल्यावरही ग्रंथकारांनी तिला बहुधा तेथेच ठेविले. आपल्या अभंगांच्या शेवटी ती स्वतःस नामयाची जनी, दासी जनी असे म्हणवून घेई. लोकांनी ती नम्रता तिची किंमत समजून घेतली. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर छापले गेले. ज्ञानदेवांवर, तुकारामांवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. जनीच्या वाट्यास त्या मानाने थोडेच आले. तिच्या नावावरील अभंगांपैकी खरे तिचे किती आणि मागाहून घातलेले किती, ह्याचाही पंडितांत वाद आहे. जिने स्वतः लेखणी धरल्याचा पुरावा नाही, तिच्या गाण्याचे असे व्हावयाचेच.

मग तिला राखले कोणी? ज्यांस लिहिता येत नव्हते त्यांनी. मराठी मुलखातल्या बाया पहाटे जात्यावर बसत, तेव्हा त्यांच्या ओव्यांत सीता येई, रुक्मिणी येई आणि जनी येई. आपल्यासारखीच दळणारी, आपल्यासारखीच थकणारी, म्हणून ती त्यांची सखी झाली. आईने लेकीस दिले, सासूने सुनेस दिले, आणि छापखाना नसताना ते गाणे शतकानुशतके चालले. गेल्या शतकाच्या अखेरीस गी पॉइट्व्हां व हेमा राईरकर ह्यांनी खेडोपाडी जाऊन अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली! गावेही एक हजाराहून अधिक होती. ज्या बायांस कोणी कवी म्हटले नाही, त्यांच्या मुखी एवढा ठेवा होता. जनीचा खरा दरबार तो हा.

येथे कित्येक बंधू विचारतील की, ख्रिस्ती पत्रात विठोबाच्या भक्तीण बाईचे चरित्र कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. जनाबाईने ज्यास हाक मारली त्या नावाने आम्ही प्रार्थना करीत नाही. आमचा तारणारा एक प्रभू येशू ख्रिस्त आहे, आणि त्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु तिच्या हाकेतील कळकळ खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी नागपुरात काही काळ वास्तव्य केले, आणि नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांस नवा करार मिळाला. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्तास आपले सर्वस्व दिले, पण संतांचा अभंग टाकून दिला नाही. त्याच भाषेत त्यांनी ख्रिस्ताची स्तुती केली, आणि आज आपण उपासना संगीतातून ती गातो. पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकल मॅकनिकल ह्यांनी 1919 साली मराठी संतांच्या 108 पदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात जनाबाईस स्थान दिले. नागपुरास 1845 साली आलेले स्टीफन हिस्लॉप ह्यांनी तर गोंड लोकांची गाणी लिहून घेतली. 1863 साली त्यांचा बुडून अंत झाल्यावर, 1866 साली त्यांचे ते कागद छापले गेले. सुवार्ता सांगण्यास आलेल्या ह्या माणसांस गरिबांचे गाणे तुच्छ वाटले नाही. मग आम्हांस का वाटावे?

पवित्र शास्त्र उघडून पाहा. मिसर देशातील सर्वांत वरचा मनुष्य म्हणून निर्गमाच्या पुस्तकात सिंहासनावरचा फारो सांगितला आहे, आणि सर्वांत खालचे माणूस म्हणून जात्यामागची दासी. नामान सेनापतीस बरे होण्याची वाट दाखविली ती त्याच्या घरच्या एका लहान दासीने, आणि तिचे नावही लिहिलेले नाही. प्रभूची आई मरीया हिने देवदूतापुढे स्वतःस दासीच म्हटले, आणि त्याच मुखातून पुढे स्तोत्र निघाले. प्रभूच्या येण्याच्या दिवसाविषयी बोलताना आपल्या तारणाऱ्यास दळीत बसलेल्या दोन बाया आठवल्या. आणि लोकांनी कथेत जे कल्पिले, की देव दासीच्या कामास हात लावतो, ते आम्हांस कथा म्हणून नव्हे, घडलेली गोष्ट म्हणून सांगावयाचे आहे. कारण आमच्या प्रभूने दासाचे रूप धरिले, कमरेस रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. जनीचे गाणे ज्या बाईच्या मनात मुरले आहे, तिला ही सुवार्ता परकी वाटणार नाही.

हे आम्ही कोराडीहून लिहीत आहो. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या ह्या गावी जगदंबेचे मोठे देऊळ आहे, नवरात्रात तेथे फार गर्दी होते. आणि 1974 सालापासून येथील वीज केंद्रात वीज निर्माण होत आहे. त्या विजेने दूरदूरच्या चक्क्या फिरतात. बायांच्या हाताचे घट्टे गेले, पहाटेची झोप त्यांस मिळाली, ह्याबद्दल देवाची स्तुती असो. दळण्याचे कष्ट परत यावेत असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु जाते अंगणाच्या कोपऱ्यात उलटे पडले, तेव्हा त्याच्याबरोबर गाणेही मुके झाले. गायकांचा सूर आणि जात्याचा आवाज नगरातून नाहीसा होणे, हे प्रकटीकरणाच्या पुस्तकात मोठ्या बाबेलच्या नाशाचे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. जात्याचा आवाज गेला तर जावो. सूर जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली ही की, मंडळीतील वृद्ध आजीबाईंजवळ एक वही घेऊन बसावे आणि त्यांस येत असलेल्या ओव्या लिहून घ्याव्यात, लाजवून नव्हे तर मानाने विचारून. त्या गेल्यावर विचारण्यास कोणी उरणार नाही. दुसरी ही की, ओवीची चाल ही कोणा एका धर्माची मालमत्ता नव्हे. त्या चालीवर प्रभूचा जन्म, त्याचे दुःख व त्याचे पुनरुत्थान बायांनी स्वतः जुळवून गावे, आणि उपासनेत त्यास जागा मिळावी. चुकले तर सुधारता येईल. गप्प बसलेल्यास मात्र काही सुधारता येत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. ज्याच्या घरी कोणी बाई भांडी घासते, शेण काढते, त्याने तिला नावाने हाक मारावी, तिची मजुरी वेळेवर द्यावी, काही हरवले तर आधी स्वतःचे घर शोधावे, आणि रविवारी तिला दाराशी उभे न ठेवता आपल्या शेजारी बसवावे. जनाबाईचे अभंग आवडणे सोपे आहे. आपल्या घरच्या जनीचा मान राखणे सोपे नाही.

दामाशेटीच्या घरात कितीतरी माणसे वावरली असतील. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पण भांडी घासणारीचे गाणे राहिले. आपल्या मंडळीतही मागल्या रांगेत अशी कोणी बसली असेल. तिचा आवाज ऐकण्यास प्रभू आम्हांस कान देवो, आणि तो ऐकून उठून तिला पुढे बोलाविण्याचे धैर्यही देवो.