कारणाआधी कार्य नाही : शास्त्रज्ञ क्रामर्स यांचे जीवन

घोडनदीच्या डोहात खडा टाकला की तरंग उठतात. खडा पडण्याआधी उठलेला तरंग आजवर कोणी पाहिलेला नाही. दौंडच्या यार्डात इंजिन डब्यांना येऊन टेकते, मग तो धक्का एकेक डबा ओलांडीत शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो. इंजिन टेकण्याआधी शेवटचा डबा हलत नाही. आधी कारण, मग कार्य. तर्कशास्त्राच्या तासाला आपण याला कार्यकारणभाव म्हणतो, परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरून जातो. परंतु एवढ्याशा साध्या गोष्टीतून निसर्गाचा एक मोठा नियम गणिताने बाहेर काढणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव हेंड्रिक अँथनी क्रामर्स.

मित्रहो, कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. विज्ञान शाखेच्या एका सरांना मी कार्यकारणभावाविषयी काही विचारले, तेव्हा त्यांनी मला क्रामर्स यांची गोष्ट सांगितली आणि चार संध्याकाळी बसून त्यातले गणित शब्दांत उलगडून दिले. माझे वडील दौंडला मालधक्क्यावर हमाली करतात. मी शिरूरला मामांकडे राहून शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्याकडे मोठ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे उलट उत्तर देणे असे समजतात. त्यामुळे क्रामर्स यांच्या विज्ञानाइतकेच त्यांचे आयुष्यही माझ्या मनाला लागून राहिले.

क्रामर्स यांचा जन्म १७ डिसेंबर १८९४ रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील डॉक्टर होते. लायडन विद्यापीठात एरेनफेस्ट यांच्या हाताखाली ते शिकले. १९१६ साली पहिले महायुद्ध पेटलेले होते. हॉलंड आणि डेन्मार्क ही दोन्ही राष्ट्रे तटस्थ होती. एकवीस वर्षांचा हा तरुण कोणाचेही बोलावणे नसताना कोपनहेगनला गेला आणि नील्स बोर यांना पत्र लिहून, आपणांस त्यांच्यापाशी काम करण्याची इच्छा आहे असे त्याने कळविले. बोर त्या वेळी जेमतेम तिशीचे होते, पण अणूच्या रचनेवरील त्यांच्या सिद्धान्तामुळे त्यांचे नाव युरोपभर झाले होते. त्यांनी या अनोळखी मुलाला ठेवून घेतले. क्रामर्स हे बोर यांचे पहिले साहाय्यक ठरले.

पुढची दहा वर्षे क्रामर्स बोर यांच्या सावलीत राहिले. बोर यांच्या मनात कल्पना उठावी आणि क्रामर्स यांनी तिला गणिताचे अंग द्यावे, असा तो क्रम होता. त्यांनी डॅनिश भाषा आत्मसात केली, १९१९ साली लायडनची डॉक्टरेट मिळविली आणि १९२० साली तेथल्याच एका गायिकेशी विवाह केला. ते स्वतः सेलो हे तंतुवाद्य उत्तम वाजवीत. बोर यांचा अणुसिद्धान्त सामान्य वाचकाला कळावा म्हणून त्यांनी हेल्गे होल्स्ट यांच्याबरोबर एक सुबोध पुस्तकही लिहिले. गुरूच्या घरी राहून विद्या संपादन करण्याची आपली जुनी पद्धत आठवावी, असाच हा काळ होता.

याच काळातील एक हकिकत मॅक्स ड्रेस्डेन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या क्रामर्स यांच्या चरित्रात दिली आहे. तिच्यानुसार १९२१ च्या सुमारास क्रामर्स यांनी एक हिशोब मांडला. प्रकाश हा जणू कणांचा बनलेला आहे असे धरले, तर तो कण इलेक्ट्रॉनवर आदळून गोटीसारखा उडेल आणि त्याची ऊर्जा कमी होईल. ती किती कमी होईल, हे त्या हिशोबातून निघत होते. परंतु बोर यांना प्रकाशाचे कण ही कल्पनाच मान्य नव्हती. त्यांनी क्रामर्स यांच्याशी दिवसामागून दिवस वाद घातला. बोर रागावणारे नव्हते, ते प्रेमळ होते. पण चर्चा सोडत नसत. अखेर क्रामर्स थकले, आजारी पडले आणि त्यांना इस्पितळात राहावे लागले. बरे होऊन आले ते बोर यांचेच मत घेऊन. आपला हिशोब त्यांनी बाजूस ठेवला. पुढे १९२३ साली अमेरिकेत आर्थर कॉम्प्टन यांनी हाच परिणाम प्रयोगाने सिद्ध केला आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्यावर हे थांबले नाही. १९२४ साली बोर, क्रामर्स आणि स्लेटर यांनी मिळून एक सिद्धान्त मांडला. प्रत्येक घटनेत ऊर्जा अक्षय्य राहतेच असे नाही, सरासरीने मात्र राहते, असे त्यात म्हटले होते. प्रकाशकण मान्य करावे लागू नयेत म्हणून काढलेली ही वाट होती. १९२५ साली बर्लिनमध्ये बोथे आणि गायगर यांच्या प्रयोगाने ती बंद झाली. त्याच वर्षी क्रामर्स आणि तरुण हायझेनबर्ग यांचा प्रकाशाच्या अपस्करणावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्या वाटेने आणखी एक पाऊल टाकून हायझेनबर्ग यांनी त्याच उन्हाळ्यात पुंजयामिकीचा पाया घातला. क्रामर्स दारापर्यंत पोचले होते. आत गेले ते दुसरे.

१९२६ साली क्रामर्स उट्रेख्ट येथे प्राध्यापक म्हणून गेले. गुरूच्या सावलीतून ते बाहेर पडले आणि ज्या नियमासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते, तो पुढच्याच वर्षी जगापुढे आला. सप्टेंबर १९२७ मध्ये इटलीतील कोमो येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी तो मांडला. क्रोनिग यांनी १९२६ साली क्ष-किरणांच्या संदर्भात स्वतंत्रपणे तेच सूत्र काढले होते. म्हणून त्यास क्रामर्स-क्रोनिग संबंध म्हणतात.

हा नियम काय आहे? काचेतून प्रकाश जातो तेव्हा दोन गोष्टी घडतात. काही प्रकाश काच गिळते, यास शोषण म्हणतात. उरलेल्या प्रकाशाचा वेग बदलतो आणि तो वळतो, यास अपवर्तन म्हणतात. निरनिराळे रंग निरनिराळे वळतात, हेच अपस्करण. वरवर पाहता गिळणे आणि वळणे यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. क्रामर्स यांनी दाखविले की कोणता रंग किती गिळला जातो याची पूर्ण यादी हाती असेल, तर कोणता रंग किती वळेल हे मोजल्यावाचून सांगता येते.

ते कसे, हे मला सरांनी दुकानदाराच्या वहीच्या उदाहरणाने समजाविले. प्रकाशाचा एक झोत बरोबर बारा वाजता काचेवर येऊन पोचला असे समजा. बारापूर्वी तेथे अंधार होता. पण कोणताही झोत हा असंख्य लहरींची बेरीज असतो आणि त्या लहरी बारापूर्वीही असतातच. फक्त त्यांची जमा आणि खर्च बरोबर जुळून बाकी शून्य येते. तोच तो अंधार. आता काचेने त्यातली एकच लहर गिळली, म्हणजे वहीतली एक रक्कम खोडली. मग बाकी शून्य कशी राहील? काचेच्या पलीकडे बारा वाजण्याआधीच उजेड दिसू लागेल, म्हणजे कारणाआधी कार्य घडेल! असे घडत नाही. याचा अर्थ उरलेल्या लहरी आपापल्या जागेवरून जरा सरकून तो हिशोब पुन्हा शून्यावर आणतात. लहरींचे हे सरकणे म्हणजेच अपवर्तन. जेथे गिळणे आहे तेथे वळणे आलेच.

उट्रेख्टमधील या प्राध्यापकाचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. केंब्रिजला शिकणारे होमी भाभा यांना १९३२ साली प्रवासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे ते झुरिकला पाउली, रोमला फर्मी आणि उट्रेख्टला क्रामर्स यांच्यापाशी काम करून आले. पुढे याच भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

१९३३ च्या सप्टेंबरात एरेनफेस्ट यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. गुरूच्या त्या रिकाम्या खुर्चीवर १९३४ साली क्रामर्स यांना बसावे लागले. १९४० साली जर्मन फौजांनी हॉलंड व्यापला. ज्यू प्राध्यापकांना काढून टाकल्याचा लायडनमध्ये जाहीर निषेध झाला, तेव्हा नोव्हेंबर १९४० मध्ये ते विद्यापीठच बंद करण्यात आले. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अणुशक्ती आयोगाने नेमलेल्या शास्त्रीय समितीचे अध्यक्षपद क्रामर्स यांच्याकडे आले. अणुशक्तीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे म्हणण्यास आधार नाही, असा अहवाल त्या समितीने १९४६ साली दिला. राष्ट्रांचे मात्र त्यावर एकमत झाले नाही.

१९४७ साली अमेरिकेतील शेल्टर आयलंड येथील बैठकीत त्यांनी इलेक्ट्रॉनचे मोजलेले वस्तुमान आणि सिद्धान्तातले वस्तुमान यांत भेद केला पाहिजे, हा आपला जुना विचार मांडला. बैठकीहून परतताना हान्स बेथे यांनी आगगाडीत बसल्या बसल्या त्याच विचाराच्या आधारे एक प्रसिद्ध गणित सोडविले. पुन्हा एकदा कल्पना क्रामर्स यांची, पल्ला गाठणारे दुसरे. त्यांना १९४७ साली लॉरेंट्झ पदक मिळाले, पण नोबेल मिळाले नाही. २४ एप्रिल १९५२ रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

माणूस गेला तरी नियम जगला. क्रामर्स यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५४ साली, अमेरिकेत फेशबाख, पोर्टर आणि वाइसकोप्फ यांनी अणुकेंद्रकाला धूसर काचेच्या गोळ्याची उपमा दिली. केंद्रकावर न्यूट्रॉन सोडले की काही वळतात आणि काही गिळले जातात, अगदी काचेतल्या प्रकाशासारखे. यास केंद्रकाचे ऑप्टिकल मॉडेल म्हणतात. यात वळविणाऱ्या भागास वास्तव भाग आणि गिळणाऱ्या भागास काल्पनिक भाग म्हणतात. नाव काल्पनिक, पण गिळणे अगदी खरे! कारणाआधी कार्य येथेही नाही. म्हणून एक कायमचा भाग वगळला, तर उरलेला वास्तव भाग काल्पनिक भागावरून काढता येतो.

येथे अडचण अशी की त्यासाठी सर्व ऊर्जांवरच्या शोषणाची बेरीज करावी लागते आणि प्रयोग तर थोड्याच ऊर्जांवर होतात. म्हणून शोषणासाठी एखादे सूत्र गृहीत धरतात. सूत्र वेडेवाकडे असेल तर दर वेळी संगणकाकडून बेरीज करवून घ्यावी लागते. सूत्र नीट निवडले तर तीच बेरीज कागदावर पेनाने सुटते आणि उत्तर एका ओळीत मिळते. ओळीतल्या उत्तराचा लाभ असा की कशामुळे काय बदलते, हे डोळ्यांना दिसते. १९८६ साली माहो, न्गो आणि सॅचलर यांनी शोषणाचा आलेख सरळ रेषांच्या तुकड्यांनी काढला आणि समाकलनातून साधे लॉगॅरिदम बाहेर पडले. त्यातून एक कोडे उलगडले. दोन केंद्रके एकमेकांजवळ येताना त्यांच्या सारख्या विद्युतभारांची एक भिंत मध्ये असते. आदळण्याची ऊर्जा या भिंतीच्या उंचीपर्यंत खाली आणली की गिळणे झपाट्याने कमी होते आणि नेमके तेथेच केंद्रकांमधील आकर्षण वाढून पुन्हा उतरते. प्रयोगात दिसलेला हा उंचवटा विचित्र वाटत होता. क्रामर्स यांच्या नियमाने तो अटळ ठरला.

दौंडहून मुंबईच्या गाडीत बसले तर कुलाबा काही परदेश नव्हे. तेथे टाटा संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन त्वरक १९८८ साली सुरू झाला. केंद्रकांवर केंद्रके आदळवून याच भिंतीजवळचे गिळणे आणि वळणे आपल्या शास्त्रज्ञांनी तेथे मोजले. भाभा ज्यांच्यापाशी बसून आले, त्यांच्याच नियमाने ती मोजमापे पारखली गेली.

या नियमातील दुसऱ्या नावाचीही थोडी हकिकत सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा ही कल्पना १९२५ च्या आरंभी क्रोनिग यांना सुचली होती. पाउली यांनी ती उडवून लावली म्हणून त्यांनी ती छापली नाही. त्याच वर्षी लायडनच्या दोन तरुणांनी ती प्रसिद्ध केली. म्हणजे या नियमाला ज्या दोघांची नावे आहेत, त्या दोघांनीही मोठ्यांच्या शब्दाखातर आपापला एकेक शोध गिळला होता. बोर आणि पाउली हे लहान माणसे नव्हते, म्हणून तर त्यांच्यापुढे बोलणे अवघड होते. आणि आत गिळलेल्या गोष्टीने माणूस कसा वळतो, हे क्रामर्स यांच्या आयुष्यात दिसतेच. ज्या प्रकाशकणांचा हिशोब त्यांनी स्वतः मांडला होता, त्यांच्याच विरुद्ध ते पुढे कित्येक वर्षे लढले.

आमच्या मामांना वाटते की मी पदवीचा नाद सोडून पोलीस भरतीची तयारी करावी. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. घरची ओढाताण त्यांनी माझ्याहून जास्त पाहिली आहे. त्यांचा शब्द माझ्यासाठी मोठा आहे, आणि म्हणूनच तो मुकाट्याने गिळण्याऐवजी त्यांच्यापुढे हिशोब मांडणे मला योग्य वाटते. तिसऱ्या वर्षाची फी किती, सकाळचे कॉलेज करून दुपारी दुकानात काम केले तर किती मिळेल, पदवीनंतर भरतीचे वय उरते की नाही, हे सारे मी एका कागदावर लिहून काढले आहे. हिशोबात माझे चुकले असेल तर मामा दाखवतील आणि मी ऐकेन. पण कागद त्यांच्यापुढे ठेवल्यावाचून मी तो फाडणार नाही.