दगडातली हाडे शोधणारे हिस्लॉपसाहेब

शिवनेरीचा कडा आणि भीमाशंकरचा डोंगर ज्या काळ्या दगडाचा आहे, तोच दगड पार नागपूरपर्यंत पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला लाव्हारस थरावर थर साचून थंड झाला, त्याचा हा दगड. त्या उकळत्या रसात प्राण्याचे हाड कुठून टिकणार? पण दोन थरांच्या मधे कुठे कुठे तळ्याचा गाळ दडलेला असतो. तो गाळ ज्यांनी नागपूरकडे हुडकला, ते स्टीफन हिस्लॉप.

त्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, गोंड लोकांत हिंडून त्यांची भाषा व चालीरीती लिहून घेतल्या. पण सवड मिळाली की स्वारी हातोडी घेऊन निघालीच माळावर! जवळच टाकळी येथे त्यांना व त्यांचे सोबती हंटर यांना गाळाच्या थरात गोगलगाईंचे शंख, फळे, बिया, किडे सापडले. सगळे दगड झालेले! म्हणजे बघा, लाव्हा वाहिला, थांबला, तळी भरली, झाडे वाढली आणि पुन्हा लाव्हा आला.

चंद्रपूरकडे पिसदुरा गावी तर भली मोठी हाडे मिळाली. ती लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनोसॉरची, हे पुढे ठरले. त्याच सुमारास, १८६१ साली, जर्मनीत दगडात एक नवलाचे पाखरू सापडले. अंगाला पिसे, पण पंखाला नख्या आणि शेपटीत सरड्यासारखी हाडांची माळ! आज शास्त्रज्ञ सांगतात, पक्षी हे दोन पायांवर चालणाऱ्या लहान डायनोसॉरांचेच वंशज. पिसदुऱ्याचे ते थोराड प्राणी म्हणजे त्यांच्या लांबच्या भावकीतले. दारातल्या कोंबडीचा पाय नीट पाहा ना. पुढे तीन बोटे, वर खवले.

हे नाते हिस्लॉपसाहेबांना कळायचे राहूनच गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथे जुन्या दगडी वर्तुळांचे खोदकाम पाहून ते घोड्यावरून परत निघाले. पावसाने ओढा फुगला होता. त्यात ते बुडाले. वय अवघे ४५. नागपुरात १८८३ साली निघालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.