स्टिरिओचा जनक ॲलन ब्लमलाईन: होम थिएटरमध्ये स्पीकरचं अंतर आणि लेव्हल का सेट करायची?

मित्रांनो, नवीन होम थिएटर आणलं, पाच स्पीकर आणि सबवूफर जोडला, आवडीचं गाणं लावलं. गायक समोर, दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा आहे असं वाटायला हवं. पण आवाज दाराकडच्या एकाच स्पीकरमधून येतोय! पिक्चर लावला तर मागचा स्पीकर इतका जोरात की समोरचे डायलॉगच कळेनात. मग आपण म्हणतो, सेट खराब निघाला.

आमच्या देऊळगाव राजातल्या घरांमध्ये हे हमखास होतं. कारण साधं आहे. हॉल काही थिएटर म्हणून बांधलेला नसतो. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला देवघर, सोफा भिंतीला टेकलेला. त्यामुळे एक स्पीकर कानापासून दीड मीटरवर, तर दुसरा तीन मीटरवर. सेट चांगलाच असतो. फक्त कोणता स्पीकर किती लांब आहे, हे रिसीव्हरला कुणी सांगितलेलं नसतं.

यासाठी रिसीव्हरच्या मेनूमध्ये दोन सेटिंग असतात: डिस्टन्स आणि लेव्हल. ती कशी करायची ते आपण बघणारच आहोत. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट. ही दोन सेटिंग ज्या विचारावर उभी आहेत, तो विचार त्याने 1931 मध्ये कागदावर मांडला. त्याचं नाव ॲलन ब्लमलाईन. तुमच्या फोनमधला स्टिरिओ आवाजही त्याचीच देणगी आहे.

डोअरबेल दुरुस्त करणारा मुलगा

ॲलन डॉवर ब्लमलाईनचा जन्म 29 जून 1903 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जर्मनीत जन्मलेले खाण इंजिनिअर, आई स्कॉटिश. घरची एक आठवण सांगतात, की सात वर्षांचा असताना त्याने बंद पडलेली डोअरबेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात चक्क बिल ठेवलं. खाली सही करताना नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असंही लिहिलं!

पण हाच मुलगा वाचनात मागे होता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हतं, असं त्याची बहीण सांगायची. आकडे आणि वायरी मात्र त्याला लगेच कळायच्या. 1921 मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला आणि दोनच वर्षांत पहिल्या वर्गात डिग्री घेऊन बाहेर पडला.

आधी कान मोजला

1924 मध्ये ब्लमलाईन टेलिफोनच्या कंपनीत लागले. तिथे त्यांनी एक वेगळंच काम केलं. माणसाचा कान कोणता आवाज किती ऐकतो, हे मोजलं. आपला कान सगळे आवाज सारखे ऐकत नाही. मधले सूर, म्हणजे बोलण्यातला आवाज, त्याला चटकन ऐकू येतो. खालचा बेस मात्र तेवढ्याच ताकदीचा असला तरी कमी ऐकू येतो. आवाज हळू केला की हा फरक आणखी वाढतो. मोजणाऱ्या यंत्रालाही कानासारखं ऐकता यावं म्हणून त्यांनी खास सर्किट तयार केली. त्यांना वेटिंग नेटवर्क म्हणतात.

आज फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप टाकलं की ए आणि सी असे पर्याय दिसतात ना? ते याच कल्पनेचे वंशज. ए हळू आवाजात कान जसा ऐकतो तसं मोजतो, म्हणजे बेस बराच वगळतो. सी मोठ्या आवाजासाठी, तो बेस बऱ्यापैकी धरतो. स्पीकरची लेव्हल लावताना सी निवडायचा, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सिनेमा बघताना पडलेला प्रश्न

1929 मध्ये ब्लमलाईन कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. रेकॉर्ड कापायच्या यंत्राचं पेटंट दुसऱ्यांकडे होतं, त्याची रॉयल्टी भरावी लागायची. त्यांनी वेगळ्या पद्धतीचं यंत्रच बनवून तो खर्च वाचवला. 1931 मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन ईएमआय झाली आणि ब्लमलाईन तिचे इंजिनिअर झाले.

तेव्हा बोलपट नवीन होते. आपल्याकडे मार्च 1931 मध्ये मुंबईत आलम आरा लागला. 1932 मध्ये कोल्हापुरात प्रभातने अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट केला, त्याच्या ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. जगभर सगळीकडे एकच अडचण होती. पडद्यावर माणसं इकडून तिकडे जायची, पण आवाज एकाच जागेवरून यायचा.

1931 च्या सुरुवातीला ब्लमलाईन होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेले होते. पडद्याच्या एका टोकाला असलेल्या नटाचा आवाज भलतीकडूनच येतोय, हे त्यांना खटकलं. आवाजाला नटाच्या मागे चालायला लावता येईल, आणि ते कसं करायचं हे मला सुचलंय, असं त्यांनी तिला सांगितलं.

त्यांनी विचार केला तो दोन कानांचा. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो. शिवाय डाव्या कानाला तो थोडा मोठा ऐकू येतो, कारण मधे डोकं आडवं येतं. वेळेचा फरक आणि आवाजाच्या जोराचा फरक, या दोन गोष्टींवरून मेंदू दिशा ओळखतो. मग दोन स्पीकरमधून हेच फरक नीट पोचवले, तर रिकाम्या जागेतूनही आवाज आल्यासारखा वाटेल!

14 डिसेंबर 1931 रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. 1933 मध्ये ते मंजूर झालं, नंबर 394325. दोन माइक कसे ठेवायचे, आवाज कसा मिसळायचा, रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनल कसे कोरायचे, सगळं त्यात होतं. जानेवारी 1934 मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत त्यांनी टॉमस बीचम यांच्या ऑर्केस्ट्राचं स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं. 1935 मध्ये हेझ स्टेशनवरच्या रेल्वेची छोटी फिल्म काढली. त्यात गाडी पडद्यावर सरकते तसा तिचा आवाजही सरकतो.

हेच तुमच्या हॉलमध्ये कसं बिघडतं?

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 1 मीटर जायला जवळपास 2.9 मिलिसेकंद. बालाजी महाराजांच्या यात्रेत लांबवर लावलेले भोंगे आठवा. एक जवळ, दुसरा त्याच्यापेक्षा 100 मीटर दूर. दूरच्या भोंग्यातली आरती सुमारे 0.3 सेकंद उशिरा येते आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

हॉलमध्ये अंतर कमी असतं, म्हणून शब्द दोनदा ऐकू येत नाही. पण दीड मीटर आणि तीन मीटर, या फरकामुळे जवळच्या स्पीकरचा आवाज 4.4 मिलिसेकंद आधी पोचतो. जो आधी पोचला, आवाज तिथूनच येतोय असं मेंदू ठरवून टाकतो. त्यात जवळचा स्पीकर मोठाही ऐकू येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो, खोलीत भिंतींमुळे त्यापेक्षा थोडा कमी घटतो. म्हणजे वेळ आणि जोर, ब्लमलाईन यांचे दोन्ही हिशोब चुकले. म्हणूनच गायक दारात जाऊन उभा राहतो!

डिस्टन्स सेटिंग वेळेचा हिशोब सुधारतं. सगळ्यात लांबचा स्पीकर धरून रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा वेळ रोखून धरतो. लेव्हल सेटिंग जोराचा हिशोब सुधारतं.

आता करून बघा

1. तुम्ही जिथे बसता तिथून, कानाच्या उंचीवरून, प्रत्येक स्पीकरपर्यंत टेपने मोजा. अंदाजाने आकडे टाकू नका.

2. मेनूमध्ये युनिट मीटर आहे की फूट, ते आधी बघा. 3 मीटरच्या जागी 3 फूट पडलं तर सगळंच चुकतं. ही चूक फार जण करतात.

3. प्रत्येक स्पीकरचं अंतर भरा. ऑटो सेटअपने सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर घाबरू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, तो उशीर रिसीव्हर अंतरात धरतो. तो आकडा तसाच ठेवा.

4. आता टेस्ट टोन सुरू करा. पावसासारखा सळसळ आवाज एकेका स्पीकरमधून येईल. फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा, ॲपमध्ये सी आणि स्लो निवडा. प्रत्येक स्पीकरला सारखाच आकडा येईपर्यंत लेव्हल कमी-जास्त करा. साधारण 75 डेसिबल ठेवतात. फोनचा आकडा अगदी अचूक नसला तरी चालेल, सगळ्यांचा सारखा येणं महत्त्वाचं.

5. फोनचा माइक खोल बेस नीट पकडत नाही. म्हणून सबवूफर ॲपच्या भरवशावर वाढवू नका. ओळखीचं गाणं लावून कानाने ठरवा.

6. डायलॉग तरीही दबत असतील तर मधल्या स्पीकरची लेव्हल 1 ते 2 डेसिबल वाढवा. रात्री घरचे झोपले असतील तर नाईट मोड लावा. त्याने मोठे आवाज खाली येतात आणि बोलणं ऐकू येतं.

नाव गुपितच राहिलं

ब्लमलाईन यांचा स्टिरिओ काळाच्या पुढे होता. बाजार तयार नव्हता, कंपनीने तो बाजूला ठेवला. ते टीव्हीच्या कामाला लागले. 2 नोव्हेंबर 1936 पासून बीबीसीने लंडनहून नियमित टीव्ही प्रसारण सुरू केलं. त्यासाठीच्या 405 रेषांच्या टीव्हीत त्यांच्या सर्किटचा मोठा वाटा होता. ती पद्धत ब्रिटनमध्ये 1985 पर्यंत टिकली.

मग महायुद्ध आलं. अंधारात येणाऱ्या विमानाची दिशा त्याच्या आवाजावरून शोधायच्या यंत्रावर त्यांनी काम केलं. कल्पना तीच, दोन कानांची. त्यानंतर एच टू एस नावाचं रडार. विमानातून खाली रेडिओ लहरी सोडायच्या, जमिनीवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून खालच्या जमिनीचा नकाशा स्क्रीनवर काढायचा. वेळ मोजून अंतर काढणं, दुसरं काय! ऑटो सेटअपमध्ये रिसीव्हर आवाज सोडतो आणि माइकपर्यंत यायला लागलेला वेळ मोजतो, तिथेही हाच हिशोब आहे.

7 जून 1942 रोजी हे रडार तपासायला ब्लमलाईन हॅलिफॅक्स बॉम्बर विमानातून गेले. हवेत एका इंजिनला आग लागली. विमान इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेजवळ कोसळलं. आतले सगळे 11 जण गेले, त्यात ईएमआयमधले त्यांचे दोन सहकारीही होते. देखभाल करताना इंजिनमधला एक नट नीट आवळला गेला नव्हता, असं चौकशीत निघालं. ब्लमलाईन यांचं वय होतं 38. घरी डोरीन आणि दोन लहान मुलं. रडार गुप्त असल्यामुळे हा माणूस कोण होता आणि कशासाठी गेला, हे तेव्हा लोकांना सांगितलंच गेलं नाही.

त्यांच्या नावावर 128 पेटंट आहेत. 1958 मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. त्यातली खाच त्यांनी 1931 मध्ये मांडली होती तशीच होती. ते बघायला ते नव्हते. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

तर मित्रांनो, आज घरी टेप काढा. आकडे भरा, लेव्हल सारखी करा. मग आवडीचं गाणं लावून डोळे मिटा. दोन स्पीकरच्या मधे, जिथे काहीच ठेवलेलं नाही, तिथून गायकाचा आवाज आला की समजा सेटिंग जमलं. त्या रिकाम्या जागेतून आवाज आणायचा कसा, हे ब्लमलाईन यांनीच शोधलं होतं.